स्वतःचा घोडा

बंगळूरला माझी भाची राहते. तिची नऊ वर्षांची मुलगी गेले वर्षभर दर रविवारी घोड्यावर बसायला शिकते आहे. मे महिन्याच्या सुटीत मी तिकडे गेलो, तेव्हा "आजोबा, तुम्ही यायचंच" असा तिने हट्टच धरला. पागा, बारगीर, शिलेदार हे शब्द मी तीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो. पण प्रत्यक्ष पागेत पाऊल टाकण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. म्हणून निघालो.

शहराच्या उत्तरेला, हेसरघट्ट्याच्या बाजूला, द्राक्षमळे आणि नव्या इमारती यांच्या अधेमध्ये ती जागा आहे. पत्र्याच्या छपराखाली चौदा घोडे, पुढे रेती पसरलेले गोल रिंगण. सगळा कारभार एका कुटुंबाचा. साठी उलटलेले मालक पहाटे चारला उठून स्वतः दाणा घालतात. त्यांची मुलगी शिकवते, जावई वैरण आणि हिशेब बघतो, आणि मालकीणबाई दुखणाईत घोड्यांना औषध पाजतात. बहुतेक घोडे शर्यतीच्या मैदानातून निवृत्त झालेले. दोन-तीन मात्र ठेंगणी देशी तट्टे, लहान मुलांसाठी ठेवलेली.

मालक कन्नडात बोलत होते आणि मी आमच्या बेळगावी कन्नडात. आमची हेल निराळी, पण घोड्याच्या अंगावरच्या वस्तूंपाशी आलो की दोघांचीही भाषा एक होई. आपला लगाम तिकडे 'लगामु', जीन 'जीनु', रिकीब 'रिकापु', चाबूक 'चाबूकु'. आपण ज्यांना हुलगे म्हणतो ती त्यांची 'हुरळी'. तिन्हीसांजेला घोड्यांना तीच उकडून घालतात. नालाला मात्र ते 'लाळ' म्हणतात. त्यावर आमची नात इतकी हसली, की शेजारच्या घोडीने कान टवकारले.

मी सहज विचारले, "चौदा जनावरांचं भागतं कसं?"

ते म्हणाले, "मेष्ट्रे, घोडा उभा असला तरी खातो. मुलं आली नाहीत, पाऊस लागला, परीक्षा आल्या, तरी त्याचं पोट थांबत नाही." मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. एका जनावराला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्या बंगळुरात पाण्याची ओरड झाली, तेव्हा त्यांची कूपनलिकाही आटली आणि टँकर घ्यावे लागले. दर सहा आठवड्यांनी नालबंद येतो. गेल्या पावसाळ्यात एक घोडी पोटशुळाने एका रात्रीत गेली. हे सांगताना त्यांनी शेवटच्या रिकाम्या ठाणाकडे पाहिले नाही, मी पाहिले.

परतताना माझ्या मनात सभासदाची बखर घोळत होती. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था तिच्यात नोंदवलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. हे कोष्टक मुले पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. पण त्याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असेही नमूद आहे. या दोघांवर मी आजवर कधी प्रश्न घातला नव्हता. पाणी घालणारा आणि नाल ठोकणारा हिशेबात धरलेला नसेल, तर पंचवीस घोडे आठवडाभरही चालणार नाहीत, हे मला त्या दिवशी टँकरचा हिशेब ऐकताना कळले.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरकही आम्ही असाच शिकवतो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्यावरून हा शब्द फारसीतून आला. एवढे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. पण व्याख्येच्या पलीकडे एक प्रश्न उरतो: घोडा मेला तर नुकसान कोणाचे?

बारगिराचा घोडा पडला तर तोटा सरकारचा. शिलेदाराचा पडला तर भरपाई मिळाली तर मिळाली, नाहीतर त्याची भाकरीच गेली. घोडा हेच त्याचे भांडवल. तो गेला म्हणजे मान आणि पगारही गेला, आणि स्वाराचा पायउतार झाला. म्हणूनच ऐन गर्दीत जनावर घालताना शिलेदाराचा हात आखडे, अशी तक्रार त्या काळी होती. तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. महाराजांनी ती माणसाच्या अडचणीच्या बाजूने पाहिली असावी, असे मला वाटते. त्यांनी पागा बळकट ठेवली, शिलेदार पागेच्या हुकमतीखाली आणले आणि घोड्याची जोखीम राज्याने उचलली. त्यांच्या घोडदळाच्या जोरामागे धाडसाइतकाच हा हिशेबही होता.

बेताच्या ऐपतीचा माणूस शिलेदार होऊ शकला, त्याचे एक कारण दख्खनचे घोडेच होते. भीमाकाठची भीमथडी घोडी अंगाने लहान, काटक आणि थोडक्या दाण्यावर निभावणारी. मराठी राज्य गेल्यावर या जातीची आबाळ झाली. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, एवढे समाधान.

आता बंगळूरकडे येतो. हे शहर आपल्या इतिहासाला परके नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या फौजेने ते केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते जिंकले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. शहाजीराजांचा शेवटही घोड्यावरच झाला. जानेवारी १६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ते गेले. त्यांची समाधी तिथेच, कन्नड मुलखात आहे.

राज्ये बदलली, पण शिलेदार हा शब्द तिथे राहिला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर वोडेयरांचे राज्य पुन्हा उभे झाले. त्यांच्या घोडदळाचे नाव 'म्हैसूर शिलेदार' असेच होते, आणि १८०७ च्या कराराने चार हजार स्वार तयार ठेवण्याचे बंधन म्हैसूरवर आले. २१ डिसेंबर १८१७ रोजी माळव्यात महिदपूरला होळकरांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा हे म्हैसूरचे शिलेदार इंग्रजांच्या बाजूने लढले. म्हणजे समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन्ही फौजांत शिलेदार होते! आपल्याकडे आजही एखाद्या कार्यकर्त्याला मानाने 'शिलेदार' म्हणतात आणि तो शब्द फक्त आपला, असे आपण धरून चालतो. महिदपूरच्या मैदानात तो दोन्हीकडून हाकारला गेला असेल.

म्हैसूरचे हे घोडदळ पुढे नव्याने बांधले गेले. त्यातून आलेल्या म्हैसूर लान्सर्सनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांबरोबर हैफा शहर घेतले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकात जोधपूर आणि हैदराबादबरोबर म्हैसूरचाही स्वार उभा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली संस्थानी घोडदळांतून एकसष्टावी कॅव्हलरी उभारली गेली. तिच्यात म्हैसूर आणि ग्वाल्हेर दोन्हीकडचे स्वार एका ठाणाला आले.

इंग्रजांनीही आपल्या हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत चालवली होती. भरती होताना स्वाराने घोड्यासाठी रक्कम भरायची, आणि घोड्याची निगा त्याची त्याने ठेवायची. पहिल्या महायुद्धात घोडे इतके मेले, की स्वाराला नवा घोडा आणणे अशक्य झाले. युद्ध संपल्यावर ती पद्धत मोडीत निघाली. महाराजांच्या पागेत जो हिशेब आधीच मांडलेला होता, तो तिथे अडीचशे वर्षांनी मान्य झाला.

निरोप घेताना मी मालकांना विचारले, "जागेला भाव चांगला येत असेल?"

"रोज कोणीतरी विचारतं," ते म्हणाले. "जमीन विकली तर तिघांची पोटं आयुष्यभर चालतील. पण या चौदांना कोण घेणार, मेष्ट्रे?"

त्यांच्या घरात लढाईला कोणी गेले होते की नाही, मी विचारले नाही. घोडा स्वतःचा, दाणा स्वतःचा, आणि मेला तर नुकसानही स्वतःचे. शिलेदार म्हणजे काय, हे मी त्या गृहस्थांकडे बघून शिकलो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि नववीच्या वर्गावर तोच धडा आला. कोष्टक फळ्यावर लिहिले आणि त्याखाली या वेळी एक प्रश्न घातला: "घोडा मेला तर कोणाचा?" वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, त्याचे वडील खानापूर रोडला भाड्याची रिक्षा चालवतात. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचे बाबा बारगीर. काका मात्र शिलेदार, त्यांनी कर्ज काढून स्वतःची घेतलीय."

त्या दिवशी मला पुढे काही शिकवावे लागले नाही.