लंडनचे गालिचे आणि ते झोडणाऱ्यांचा धंदा

घरातील गालिचा कोणी साफ करावा, हे पुष्कळ अंशी तो जमिनीवर किती काळ अंथरलेला राहतो यावर ठरते. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत गणना होणाऱ्या फरासखान्याकडे, म्हणजे तंबू, जाजमे, सतरंज्या आणि गालिचे सांभाळणाऱ्या खात्याकडे, बैठकीची बिछायत घालण्याचे आणि काम आटोपल्यावर ती उचलून ठेवण्याचे काम असे. पुण्याच्या बुधवार पेठेतील पोलीस ठाण्याने हे नाव अजून टिकवून धरले आहे. जी बिछायत वरचेवर उचलली जाते ती झटकली जाणार हे ओघानेच येते, आणि त्यामुळे गालिच्याच्या सफाईसाठी निराळा धंदा उभा राहण्याचे तिथे फारसे कारण नव्हते. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये मात्र असा धंदा उभा राहिला, कारण तेथील मध्यमवर्गीय दिवाणखान्यात एकदा पसरलेला गालिचा बहुधा वर्षभर जागचा हलत नसे.

या स्थितीला गिरण्यांचा हातभार लागला होता. अमेरिकेतील इरास्टस बिगेलो याने 1840 च्या दशकात गालिचे विणण्याचा यंत्रमाग सिद्ध केला, हॅलिफॅक्स येथील क्रॉस्ली घराण्याच्या गिरण्यांनी तो वापरात आणला, आणि तोवर श्रीमंतांपुरती असलेली वस्तू कारकुनाच्याही आवाक्यात आली. सत्तावीस इंच रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना शिवून, खोलीच्या चारही भिंतींना भिडेल असा गालिचा तयार करून तो कडेने चुकांनी ठोकून टाकण्याची रीत पडली. त्याच खोलीत हिवाळाभर दगडी कोळशाची शेगडी जळत असे आणि रस्त्यावरची, घोड्यांच्या लिदीने भरलेली माती बुटांबरोबर आत येत असे.

गृहिणींसाठी लिहिलेल्या त्या काळच्या पुस्तकांत डाग काढण्याच्या कृती भरपूर आढळतात आणि त्यांत बैलाच्या पित्ताचा उपयोग वारंवार सांगितलेला असतो. परंतु गालिच्याचा खरा शत्रू डाग नव्हे, न दिसणारी कच होय. विणीतून वर उभ्या राहिलेल्या लोकरीच्या धाग्यांना लव म्हणतात; बारीक वाळूचे धारदार कण या लवेच्या मुळाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलागणिक धागा बुडाशी घासून कापत राहतात. रोजच्या झाडण्यासाठी चहाचा ओलसर चोथा गालिच्यावर पसरून, धूळ त्याला चिकटली की दोन्ही एकत्र लोटून काढत, पण त्याने फक्त वरची धूळ हटे. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स येथील मेलव्हिल बिसेल याने 1876 साली पेटंट घेतलेली, फिरत्या ब्रशाची ढकलगाडी हीही वरवरचीच सोय होती. (बिसेलच्या मृत्यूनंतर 1889 पासून त्याची पत्नी अ‍ॅना हिने हा कारखाना चालवला, या विषयाच्या इतिहासात मालकाच्या खुर्चीवर बसलेली स्त्री विरळाच.)

खोलवरची कच काढण्याचा एकच मार्ग तेव्हा उपलब्ध होता, आणि तो म्हणजे वसंतात शेगड्या थंडावल्या की चुका उपटून गालिचा बाहेर न्यायचा आणि झोडायचा. हे काम मजुरीने करणारे लोक गालिचा मोकळ्या मैदानात दोरावर टाकून आधी पाठीच्या बाजूने झोडत, म्हणजे कच लवेत आणखी रुतण्याऐवजी खाली गळून पडे. काठीच्या टोकाला धार किंवा फाटा नसावा, नाहीतर वीण फाटते, अशी ताकीद गृहोपयोगी पुस्तकांतून दिलेली असे. हे काम दाराशी करण्यास कायद्याचीच आडकाठी होती. लंडनच्या 1839 च्या पोलीस कायद्याने रहदारीच्या जागी गालिचा झोडणे किंवा झटकणे हा चाळीस शिलिंगांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरवला आणि सूट दिली ती एवढीच, की पायपुसणे सकाळी आठाच्या आत झटकावे. सार्वजनिक हिताचा कायदा किती बारकाईने घरात शिरतो, याचा हा एक गमतीदार नमुना म्हणावा लागेल. शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या बळावर गालिचे झोडणारे कारखानेही निघाले, पण गालिचा उपटणे, वाहून नेणे आणि परत आणून ठोकणे हा खटाटोप कायमच राहिला.

त्यातून सुटका करू पाहणारे पहिले प्रयत्न उलट दिशेने झाले. सेंट लुईस येथील जॉन थर्मन याने 1899 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात दाबलेल्या हवेच्या झोताने धूळ उडवली जाई. फुंकून धूळ काढणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक लंडनमध्ये पाहताना ह्युबर्ट सेसिल बूथ या पुलांच्या आणि राक्षसी पाळण्यांच्या अभियंत्याला प्रश्न पडला, की हवा फुंकण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये. त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, तेव्हा रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठिपका उमटला; गाळणीचे तत्त्व हाती आले आणि 1901 च्या ऑगस्टमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

बूथचे यंत्र घरात मावणारे नव्हते. घोड्यांनी ओढायच्या गाडीवर इंजिन आणि पंप बसवलेला असे, गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत नेऊन गणवेशातील माणसे जागच्या जागी गालिचा साफ करीत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत घातलेला गालिचा याच यंत्राने साफ झाला आणि यंत्राचा बोलबाला झाला. पुढे पहिल्या महायुद्धात, क्रिस्टल पॅलेसमध्ये मुक्कामास असलेल्या नौदलाच्या जवानांत साथ पसरली तेव्हा पंधरा यंत्रे लावून तेथून 26 टन धूळ काढण्यात आली. बूथची कंपनी प्रामुख्याने सेवा विकत होती, ही गोष्ट पुढील घडामोडींमुळे विस्मरणात गेली आहे.

ओहायोतील कँटन गावच्या जेम्स स्पँग्लर या दम्याने हैराण झालेल्या सफाई कामगाराने पंखा, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून एका हाताने ढकलण्याजोगे विजेचे यंत्र बनवले, 1908 मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि ते हूव्हर घराण्याने विकत घेतले. जे काम गाडी आणि माणसे बोलावून होत होते ते आता घरच्या बाईने करायचे ठरले. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात घरकामाच्या यंत्रांविषयी जे दाखवून दिले, ते गालिच्याला तंतोतंत लागू पडते: पूर्वी वर्षातून एक-दोनदा, बहुधा पुरुषांच्या किंवा मजुरांच्या हातून होणारे काम यंत्रामुळे सोपे झाले खरे, परंतु ते आठवड्याचे झाले आणि एकट्या गृहिणीच्या गळ्यात पडले.

व्यावसायिकांकडे मुख्यतः राहिली ती धुलाई, आणि ती घरी करण्याजोगी नाहीच. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही हाताला कोरडी वाटते, त्यामुळे वरून वाळलेल्या गालिच्याच्या आतला सुती किंवा तागाचा ताणा कुजत राहतो आणि कच्चा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या लोकरीत उतरतो. जाणते कारागीर म्हणून पांढरे फडके ओले करून प्रत्येक रंगावर दाबून पाहतात आणि मगच गालिचा पाण्यात घालतात.