अंगणातली चूल आणि जाळरेषा

हल्ली ताडोब्याच्या आसपास रिसॉर्टांत, घरांच्या अंगणांत ग्रिलचा पक्का ओटा बांधतात. यात इतिहास कसला, म्हणाल. आहे ना! 1878च्या आणि मग 1927च्या वन कायद्यानं राखीव जंगलात, अधिकाऱ्यानं मोकळीक दिलेला हंगाम सोडून, विस्तव पेटवणं, बाळगणं, नुसता नेणंही गुन्हा ठरवला. तेव्हा चांदा एकच जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला 1982 साली. कायदा होता, तरी वणवे लागत राहिले. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचे, आग तिथून सुटायची.

घरची चूल मात्र आवरलेली. तीन बाजूंनी माती, भोवती सारवलेली जमीन. वाळकं पान पडलं की झाडलं. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं ना, तसंच हे अंगण घराची जाळरेषा.

ओटा बांधताना हेच धरा. विटा-दगडांचा ओटा, गवती छपरापासून लांब. भोवती पाचोळा नको, हाताशी पाणी हवं. राख थंड झाल्यावरच टाका. खाली सिलिंडर ठेवलात, तर कप्प्याला तळाशी हवेची भोकं ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. आजीच्या चुलीला हा धोका नव्हता, आपल्याला आहे.