प्रभूची वाट पाहणारी मंडळी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही मागें वळून पाहतों. परंतु ख्रिस्तसभेची दृष्टि सदैव पुढें लागलेली असते. प्रभु येशू ख्रिस्त पुनः वैभवानें येणार, असें आम्ही दर रविवारीं विश्वासाच्या अंगीकारांत म्हणतों. तो येईपर्यंत भक्तानें काय करावें?

हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. पहिल्या शतकांत थेस्सलनीका नगरांतील मंडळींत प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याची आवई उठली होती, आणि तेथील कांहीं जण काम सोडून आळसांत दिवस घालवीत होते. स्वतः तंबू करून पोट भरणाऱ्या संत पौलानें त्यांस बजाविलें कीं, निमूटपणें काम करून आपली भाकर मिळवावी.

वाट पाहण्याचा असा प्रसंग आमच्या पुणें धर्मप्रांतावरहि आला. सोलापूर जिल्हा ज्यांत मोडतो, तो हा धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला. जर्मन येशूसंघीय धर्मगुरु येथें सेवा करीत. १९०७ सालीं त्यांच्यापैकींच हेन्री डोरिंग बिशप झाले. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. इंग्रज सरकारनें जर्मन धर्मगुरूंस स्थानबद्ध केलें व पुढें बहुतेकांस मायदेशीं धाडलें. कळप राहिला, मेंढपाळ गेले. बिशपहि आपल्या लोकांस अंतरले. १९२१ सालीं तर त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमाकडे झाली. ते परत येतील, अशी आशा धरण्यास मानवी दृष्टीनें आधार उरला नाहीं. तरी काम थांबलें नाहीं. दुसरे धर्मगुरु मदतीस आले. मिस्सा होत राहिली, बाळांचे बाप्तिस्मे झाले, मुलें प्रार्थना शिकलीं. १९२७ सालीं डोरिंग पुनः पुण्याच्या गादीवर आले, तेव्हां त्यांस धर्मप्रांत जिवंत सांपडला. मनुष्याचें परतणें ही प्रभूच्या येण्याची केवळ छाया होय. पण सेवकानें धन्याची वाट कशी पाहावी, हें तींत दिसतें.

आमच्या वळसंगची विहीरहि हाच धडा देते. गांवच्या पाण्यापासून दूर ठेवलेले बांधव न्यायाचा दिवस उजाडेल म्हणून हात बांधून बसले नाहींत. त्यांनीं आपली विहीर खणली. १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तिचें पाणी काढलें. त्या काळीं तहानेल्यांस पाणी कोणीं नाकारिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. न्यायाच्या दिवशीं प्रभु याच पाण्याविषयीं विचारणार, असें संत मत्तयाचें शुभवर्तमान सांगतें. आमच्या मंडळींत सोयरीक करतांना अथवा पंगतीस बसतांना अद्यापि जात पाहिली जात असेल, तर आम्ही त्याची वाट पाहतों असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

तो केव्हां येईल, हें पित्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें नेमून दिलेलें काम मात्र आम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो येईल तेव्हां आमचे हात त्याच कामांत गुंतलेले असोत, हीच या ज्युबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना.