घळीतले मैदान

१० एप्रिल १९६२ रोजी लॉस एंजेलिस येथील डॉजर स्टेडियमचे दरवाजे प्रथम उघडले. त्या दुपारी आत शिरलेल्या ५२,५६४ प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी इतके प्रशस्त आणि इतके रंगीत क्रीडांगण त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. आधीचे चार हंगाम डॉजर्स हा त्यांचा बेसबॉल संघ कॉलिजियम नावाच्या प्रचंड लंबवर्तुळाकार मैदानावर खेळत होता. १९३२ च्या ऑलिंपिक स्पर्धा झालेल्या त्या मैदानात बेसबॉलचा आखाडा कसाबसा बसविलेला होता. डाव्या बाजूचे कुंपण फलंदाजाच्या इतके जवळ आले होते की तेथे उंच जाळी उभारावी लागली. उलट, मागच्या रांगांत बसणाऱ्याला खेळाडू ठिपक्यांएवढे दिसत. असा प्रेक्षक ट्रान्झिस्टर कानाशी धरून व्हिन स्कली यांचे धावते वर्णन ऐके आणि समोर काय चालले आहे ते त्यावरून समजून घेई.

नव्या मैदानात ही अडचण उरली नाही. एमिल प्रेगर या अभियंत्याने टेकडीच्या उतारालाच प्रेक्षागाराचा आधार बनविले होते. वाहनतळ पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला होता. त्यामुळे ज्या मजल्यावर आपले आसन त्याच पातळीवर गाडी उभी करून प्रेक्षक चार पावलांत आत येई. आतली आसने मजल्यांप्रमाणे पिवळी, फिकट नारिंगी, निळसर हिरवी आणि आकाशी अशी रंगविलेली होती. दृष्टीआड येणारा एकही खांब नव्हता. खेळपट्टीच्या पलीकडे ताडांची झाडे आणि त्यांच्याही मागे सॅन गॅब्रिएल पर्वताची रांग दिसे. पूर्वेकडील शहरांत बेसबॉलची मैदाने गल्लीबोळांत, कारखान्यांच्या आणि चाळवजा घरांच्या दाटीत जन्मली होती. हे मात्र मोटारीने येणाऱ्यांसाठी, आकाशाखाली मोकळे बांधलेले मैदान होते.

उणिवा अर्थात होत्या. प्रेक्षकांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळ जवळजवळ नव्हतेच, आणि तहानलेल्यांना विकतच्या पेयांवर भागवावे लागले. त्याहून गमतीची चूक मैदानाच्या आखणीत झाली होती. चेंडू हद्दीत पडला की हद्दीबाहेर, हे ठरविणारे दोन उंच खांब हद्दीच्या आत असावयास हवेत. येथे ते बाहेर रोवले गेले होते. लाखो डॉलर खर्चून उभारलेल्या वास्तूत खांबांची जागा चुकावी, हे पाहून त्या काळी पुष्कळांची करमणूक झाली असणार. हंगामापुरती खास सवलत घेऊन काम भागविण्यात आले. पहिला सामना डॉजर्स सिनसिनाटीकडून ६-३ असा हरले, परंतु त्यामुळे कोणी विशेष हिरमुसले नाही. त्या एका हंगामात साडेसत्तावीस लाखांहून अधिक लोक मैदानात आले. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात तोवर कोणत्याही संघाच्या मैदानावर एका हंगामात एवढी गर्दी झालेली नव्हती.

पहिल्यांदा येणाऱ्याला जे दिसले ते असे. जे दिसणे शक्यच नव्हते, ते त्याच्या गाडीच्या चाकांखाली होते.

या जागेचे नाव चावेझ रॅव्हिन. रॅव्हिन म्हणजे घळ. शहराच्या मध्यभागापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या घळींत पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप या तीन वस्त्या होत्या. रहिवासी बहुतांशी मेक्सिकन वंशाचे होते. त्या काळी शहरातील अनेक भागांत घरांच्या खरेदीखतांतच वंशभेदाची अट असे आणि तेथे त्यांना घर मिळत नसे. येथे जमीन स्वस्त होती. लोकांनी आपल्या हातांनी घरे बांधली, बाग केली, कोंबड्या पाळल्या. शाळा आणि चर्चही उभे राहिले. १९४८ च्या अखेरीस डॉन नॉर्मार्क हा छायाचित्रणाचा तरुण विद्यार्थी शहराचे चांगले दृश्य कोठून मिळेल हे शोधत टेकडीवर चढला आणि पलीकडे त्याला महानगराच्या कुशीत दडलेले एक खेडे दिसले. तो पुन्हापुन्हा तेथे जात राहिला. धूळभरल्या पायवाटा, दोरीवर वाळणारे कपडे, दारात बसलेली म्हातारी माणसे असे सारे त्याच्या चित्रांत उतरले. ती चित्रे पुस्तकरूपाने यावयास १९९९ साल उजाडले. त्या जागेची ही दुसरी पहिली भेट क्रीडाप्रेमीच्या भेटीच्या तेरा-चौदा वर्षे आधीची आहे, आणि स्टेडियमचा इतिहास तिच्यावाचून अपुरा राहतो.

या वस्त्या बेसबॉलसाठी उठविल्या गेल्या अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही, आणि सत्य त्या समजुतीहून अधिक क्लेशकारक आहे. जुलै १९५० मध्ये रहिवाशांच्या हाती जी पत्रे पडली ती शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची होती. गरिबांसाठी सरकारी घरांची वसाहत येथे होणार होती. रिचर्ड न्यूट्रा या विख्यात वास्तुशिल्पकाराने रॉबर्ट अलेक्झांडर यांच्यासह तिचा आराखडा केला होता आणि त्यात तेरा मजल्यांचे चोवीस मनोरे होते. उठणाऱ्यांना नव्या घरांत प्रथम हक्क देण्याचे वचन होते. त्या वचनावर विसंबून किंवा सक्तीपुढे हताश होऊन हजाराहून अधिक कुटुंबांपैकी बहुतेकांनी घरे सोडली. पुढे मात्र वारे फिरले. सरकारी घरे म्हणजे समाजवाद, अशी हाकाटी झाली. योजनेचे खंदे पुरस्कर्ते फ्रँक विल्किन्सन यांना १९५२ मध्ये न्यायालयात त्यांच्या राजकीय संबंधांविषयी प्रश्न विचारले गेले. त्यांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. १९५३ च्या निवडणुकीत योजनेचा पाठीराखा महापौर पडला, नॉरिस पोलसन निवडून आले आणि योजना गुंडाळली गेली. ओस पडलेली जमीन सार्वजनिक कामासाठीच वापरावी, या अटीवर शहराने ती परत घेतली. ज्यांना उठविले होते त्यांना मात्र परत बोलाविण्यात आले नाही.

याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रुकलिनमध्ये, डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ'मॅली नव्या मैदानासाठी जागा मागत होते. हव्या त्या ठिकाणी ती मिळेना. १९५७ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून चावेझ रॅव्हिन पाहिले आणि त्याच वर्षाच्या शरदात संघाच्या स्थलांतराची घोषणा झाली. ज्या एबेट्स फील्डवर १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली, ते मैदान १९६० मध्ये पाडले गेले. ब्रुकलिनच्या चाहत्यांचा शोक अमेरिकी साहित्यात वारंवार उमटला आहे. घळीतल्या लोकांच्या शोकाला तितके लेखक लाभले नाहीत.

खासगी संघाचे मैदान हे सार्वजनिक काम ठरते काय, असा प्रश्न उपस्थित झाला. ३ जून १९५८ रोजी नागरिकांचे मत घेण्यात आले आणि सुमारे पंचवीस हजारांच्या आधिक्याने कौल करारास अनुकूल पडला. जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही करार वैध ठरविला. वस्तीत तोवर मूठभर घरे शिल्लक होती. ८ मे १९५९ रोजी अरेचिगा कुटुंबाला पोलिसांनी बळाने बाहेर काढले. अरोरा वर्गास या त्यांच्या कन्येला हातपाय धरून पायऱ्यांवरून खाली आणले गेले, आणि हे दृश्य दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले. त्यानंतर बुलडोझरने घर पाडले. कुटुंबाने त्याच जागी तंबू ठोकला. काही दिवसांतच वृत्तपत्रांनी त्यांची शहरात इतरत्र घरे असल्याचे छापले आणि लोकांची सहानुभूती ओसरली. अन्यत्र घर असणाऱ्याचा आपल्या घरावरील हक्क कमी कसा होतो, हे कोणी विचारले नाही. त्याच सप्टेंबरात भूमिपूजन झाले. मग टेकड्या छाटून आणि घळी बुजवून सुमारे ऐंशी लाख घनयार्ड माती हलविण्यात आली. या मातीखाली पालो वेर्देच्या शाळेची इमारतही गाडली गेली. स्टेडियममध्ये प्रथमच पाऊल ठेवणाऱ्याला ती जागा जन्मतःच रिकामी होती असे वाटावे, यात नवल नाही.

मेक्सिकन वंशाच्या शहरवासीयांपैकी अनेकांनी पुढे वर्षानुवर्षे या मैदानाकडे पाठ फिरविली. काहींनी तेथे कधीच पाऊल न टाकण्याचे ठरविले. स्पॅनिश भाषेतील रेडिओ समालोचनामुळे खेळ त्यांच्या घरात पोहोचत होता, परंतु घर आणि मैदान यांतील अंतर मोठे होते. ते घटले ते ९ एप्रिल १९८१ रोजी. सोनोरा प्रांतातील एका खेड्यातून आलेल्या वीस वर्षांच्या फर्नांडो वालेन्झुएला याला त्या दिवशी हंगामाच्या पहिल्या सामन्यात ऐनवेळी चेंडू फेकावयास उभे केले गेले, आणि त्याने ह्यूस्टनला एकही धाव करू दिली नाही. ओळीने आठ सामने त्याने जिंकले. त्या उन्हाळ्यात आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी कुटुंबेच्या कुटुंबे स्टेडियमची वाट चालू लागली. उद्घाटनानंतर एकोणीस वर्षांनी झालेल्या या पहिल्या भेटींची गणना कोणत्याही विक्रमात नाही.

घळीतून उठलेले लोक आणि त्यांची मुले स्वतःला ‘लोस देस्तेरादोस’, म्हणजे मातीपासून उखडलेले, असे म्हणवीत. लगतच्या इलिशियन पार्कमध्ये त्यांचे वार्षिक स्नेहभोजन भरू लागले. जुन्या गल्ल्यांची आणि शेजाऱ्यांची नावे तेथे निघत. त्या उद्यानाला लागूनच स्टेडियमच्या वाहनतळाची हद्द सुरू होते.