वर्गणी, चहा आणि एक टेलिफोन

वर्गणी म्हटली की पावतीपुस्तक घेऊन दारात उभी असलेली पोरं आठवतात. गणपती, देऊळ, पूरग्रस्त, कुणाचं तरी ऑपरेशन... सगळ्याला आपण देतो. पण "आत्महत्या थांबवायच्या आहेत, वर्गणी द्या" म्हणत कोणी बेल वाजवली तर? अर्ध्या घरांत 'सणासुदीचं काय हे अभद्र' म्हणून दार लागेल, असं आपलं मला वाटतं. इंग्लंडात मात्र ही वर्गणी कित्येक वर्षं गोळा होते आहे. तिथली गोष्ट बरेच दिवस सांगायची होती.

१९३५ साली लिंकन शहरात चॅड वारा नावाच्या तरुण पाद्र्याच्या वाट्याला पहिला अंत्यविधी आला, तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी आली होती. पाळी म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झाला असं समजून पोरीनं जीव दिला. विचारायला एक माणूस नव्हता हो! वाराच्या मनातून ती मुलगी गेली नाही.

पुढे लंडनमध्ये दिवसाला तीन आत्महत्या होतात असं त्याच्या वाचनात आलं. आग लागली, चोर आला तर फोन करायला नंबर आहे, मग जीव नकोसा झालेल्यानं कुणाला फोन करायचा? १९५३ मध्ये त्याला सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च मिळालं. ते देण्याचा अधिकार ग्रोसर्स कंपनीकडे, म्हणजे मूळच्या मिरी-मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाकडे होता. आजूबाजूला सगळ्या बँका आणि कचेऱ्या, राहणारी माणसं जवळजवळ नाहीत, त्यामुळे पाद्रीबुवांना वेळच वेळ. २ नोव्हेंबर १९५३ ला 'मॅन्शन हाउस ९०००' या नंबरवर पहिला फोन आला. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्लंडात गुन्हा होता, तो कायदा १९६१ साली गेला. म्हणजे फोन करणारा स्वतःच्या संभाव्य गुन्ह्याचीच कबुली देत होता.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. फोनच नव्हे, माणसंही भेटायला येऊ लागली. वारा एकटा, बाहेर रांग. मग काही साधी माणसं मदतीला आली. त्यांचं काम एवढंच की थांबलेल्यांना चहा द्यायचा, हवं तर दोन शब्द बोलायचे. थोड्या दिवसांत वाराच्या लक्षात आलं की बरेचजण त्याला न भेटताच बरं वाटून परत जाताहेत. उपदेश न करता, शांतपणे ऐकून घेणारं माणूस त्यांना हवं होतं आणि ते बाहेरच्या खोलीतच भेटलं होतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यानं फोन या स्वयंसेवकांच्या हाती देऊन टाकला. स्वतःची कल्पना इतक्या लवकर दुसऱ्याच्या हाती देणारे लोक आपल्याकडच्या संस्थांत फारसे दिसत नाहीत. असो.

याच 'समॅरिटन्स'. १९५९ मध्ये एडिंबरोला शाखा निघाली आणि मग गावोगावी. ऐकणारे फुकट ऐकतात, पण फोनचं बिल, जागेचं भाडं, चहा-साखर आणि नव्या लोकांचं प्रशिक्षण फुकट होत नाही. ते पैसे शाखांनी आपल्याच गावात जमवायचे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी डबा ठेवायचा, जुन्या कपड्यांचं-पुस्तकांचं दुकान चालवायचं, 'मी एवढे मैल पळतो, तू एवढे पौंड दे' म्हणून शेजाऱ्यांच्या मागे लागायचं. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी चहाला माणसं जमवतात, तिथेही पैसे गोळा होतात. पुन्हा चहाच!

पैसा हा यातला अर्धाच भाग आहे असं मला वाटतं. शेजाऱ्याकडे पैसे मागताना कशासाठी ते सांगावं लागतं, तो शब्द तोंडातून काढावा लागतो. आणि एकानं काढला की दुसरा हळूच म्हणतो, "आमच्या काकांचं तसंच झालं होतं..." आपल्याकडे अशा काकांना 'हार्ट अ‍ॅटॅकनं गेले' म्हणायची पद्धत आहे.

आपल्याकडेही कामं झाली आहेत. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' सुरू केली, तीही ऐकणाऱ्या स्वयंसेवकांवर उभी आहे. प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत उरलं नाही (सरकारी नोकराला वेठीला धरण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद). ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारची 'टेलिमानस' सुरू झाली. तिचा नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. फोनमध्ये साठवून ठेवा.

आणि तिकडे? जुलै २०२५ मध्ये समॅरिटन्सनं आपल्या दोनशेवर शाखांपैकी निदान शंभर शाखा येत्या काही वर्षांत बंद करायचा विचार मांडला. इमारतींवर फार खर्च होतो, त्यापेक्षा मोजकी मोठी केंद्रं बरी, असा हिशेब. हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, कारण फोन कुठूनही उचलता येतो. पण गावातली शाखा गेल्यावर गल्ल्याशेजारचा डबा तिथे कोण ठेवणार, आणि कुणासाठी म्हणून त्यात कुणी नाणं टाकणार, याचं उत्तर मला त्या हिशेबात सापडलं नाही.