इराकवरचे निर्बंध आणि केंब्रिजचे विद्यार्थी



गावाने एखाद्या घराला वाळीत टाकले म्हणजे काय होते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. किराणा बंद, न्हावी बंद, पाणवठा बंद. अपराध केला असेल घरच्या कर्त्याने. पण दुधावाचून रडते ते पाळण्यातले पोर. असा बहिष्कार गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2016 साली मंजूर केला. आता एखादे घर नव्हे, अख्खा देशच वाळीत पडला तर? आणि त्या देशाशी नात्यागोत्याचा संबंध नसलेली परक्या मुलखातली कॉलेजची मुले त्याविरुद्ध बोलू लागली तर? अशीच एक हकिकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकचे हुकूमशहा सद्दाम हुसेन यांनी शेजारच्या कुवेतवर सैन्य घातले. ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. पोटासाठी कुवेतला गेलेली आपली लाखाहून अधिक माणसे तेव्हा अडकली आणि जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी त्यांना मुंबईला आणावे लागले. चढाईनंतर चौथ्याच दिवशी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने 661 क्रमांकाचा ठराव केला. इराकचे तेल कोणी घ्यायचे नाही आणि इराकला कोणी माल विकायचा नाही. औषधे तेवढी वगळली. अन्नही अगदी निकड असेल तरच.

चढाई केली त्याला शिक्षा नको का? हवी, यात वाद नव्हता. पण 1991 च्या फेब्रुवारीत कुवेत मोकळे झाले, तरी निर्बंध उठले नाहीत. आता अट अशी पडली की, इराकने आपली घातक शस्त्रे नष्ट करावीत आणि तशी खात्री पटवावी. सद्दाम टाळाटाळ करत राहिले आणि वर्षांमागून वर्षे गेली.

इराक हा तेल विकून धान्य विकत घेणारा देश. तेल अडले तसे धान्यही अडले. सरकारने शिधापत्रिकेवर पीठ, तांदूळ, साखर, चहा, गोडेतेल द्यायला सुरुवात केली आणि त्याच शिध्यावर लोक तगले. दिनार या त्यांच्या नाण्याची किंमत मातीमोल झाली. गुरुजनहो, तुम्ही हे विशेष ध्यानात घ्या. तिथल्या शाळामास्तराचा महिन्याचा पगार थोड्याशा डॉलरांवर आला. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे शिकलेसवरले लोक आपल्या घरातले ग्रंथ विकायला घेऊन बसू लागले. युद्धातल्या बाँबफेकीने विजेची केंद्रे मोडली होती. वीज नाही म्हणून पंप नाहीत, आणि पंप नाहीत म्हणून शुद्ध पाणी नाही.

1996 च्या अखेरीस 'अन्नासाठी तेल' ही योजना सुरू झाली. ठरावीक तेल विकायचे आणि राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली त्या पैशांतून धान्य व औषधे घ्यायची. पण मालाच्या यादीवर पंधरा देशांची एक समिती बसली होती. त्यातल्या एकाही देशाने हरकत घेतली की माल अडकायचा. पाण्याच्या यंत्रांचे सुटे भाग, विजेचे सामान अशा वस्तूंवर, 'याचा शस्त्रांसाठीही उपयोग होईल' म्हणून बोट ठेवले जाई. हरकती बहुतेक अमेरिकेच्या आणि काही ब्रिटनच्या असत.

याच ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठात 1997 साली काही विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. 'कँपेन अगेन्स्ट सँक्शन्स ऑन इराक' असे त्याचे लांबलचक नाव. आद्याक्षरांनी त्याला 'कासी' म्हणत. या मुलांनी पहिल्यापासून एक गोष्ट स्वच्छ सांगितली. आमचे इराकी सरकारशी काही देणेघेणे नाही. लष्करी सामानावरचे निर्बंध उठवा असेही आम्ही म्हणत नाही. सामान्य माणसाच्या ताटावर आणि औषधावर जे निर्बंध पडतात, तेवढे उठवा.

बरे, मुलांनी केले तरी काय? राष्ट्रसंघाचे ठराव, अहवाल, पाहण्या असे शेकडो कागद जमवले. ते वाचले, लावले आणि कोणालाही पाहता येतील असे खुले ठेवले. खासदारांना पत्रे लिहिली. 1999 च्या नोव्हेंबरात केंब्रिजला परिषद भरवली. मंत्री काही बोलले की ही मुले मूळ कागद काढून ताडून पाहत. घोषणा कोणीही देतो. सरकारी अहवालाचे शेवटचे पान वाचणारा विरळा.

त्यांचे म्हणणे पोरकट नव्हते, याला साक्षीदारही मोठे होते. इराकमध्ये राष्ट्रसंघाच्या मदतकार्याचे प्रमुख असलेले आयर्लंडचे डेनिस हॅलिडे यांनी 1998 साली निर्बंधांच्या निषेधार्थ नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेले जर्मनीचे हान्स फोन श्पोनेक यांनीही 2000 साली तेच केले. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तेलविक्रीच्या सवलतीचे पहिले देकार सद्दाम यांनीच नाकारले होते. पुढे योजनेतही त्यांच्या राजवटीने कंपन्यांकडून बेकायदा पैसे उकळले. 2005 साली व्होल्कर समितीने ती रक्कम सुमारे 1.8 अब्ज डॉलर असल्याचे दाखवून दिले. म्हणजे जनता दोन्हीकडून भरडली जात होती.

कागद वाचण्याच्या सवयीचे मोठे फळ 2003 साली दिसले. इराकशी युद्ध करायचे घाटत होते. ब्रिटिश सरकारने इराकच्या गुप्त हालचालींवर एक पुस्तिका काढली आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी 5 फेब्रुवारीला राष्ट्रसंघात तिची वाखाणणी केली. या मोहिमेत वावरणारे केंब्रिजचे अध्यापक ग्लेन रंगवाला यांना तो मजकूर कुठे तरी वाचल्यासारखा वाटला. ताडून पाहतात तो काय! बराचसा भाग एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून चुकांसकट उतरवलेला, आणि तो लेख आधारलेला बारा वर्षांपूर्वीच्या कागदांवर. सरकारला चूक कबूल करावी लागली. युद्ध मात्र टळले नाही. 22 मे 2003 रोजी सुरक्षा परिषदेने निर्बंध उठवले, तेव्हा सद्दाम यांची राजवट कोसळलेली होती. ज्या शस्त्रांसाठी हे सारे झाले, त्यांचे साठे काही सापडले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. पण अजून एक प्रकरण आहे, आणि ते आपल्याला जास्त शिकवणारे आहे. निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख बालके दगावली, हा आकडा त्या काळी जगभर सांगितला जाई. निर्बंधांविरुद्धच्या सभांतून तो पुन्हा पुन्हा येई. त्याचा मुख्य आधार होता 1999 ची एक पाहणी. युनिसेफने ती इराकी सरकारच्या साहाय्याने केली होती. राजवट गेल्यावर ज्या नव्या पाहण्या झाल्या, त्यांत बालमृत्यूंची तशी वाढ दिसेना. 2017 साली लंडनच्या दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की, जुने आकडे सद्दाम यांच्या सरकारने फिरवलेले होते.

मग मुलांची मोहीमच खोटी ठरली का? नाही. मास्तरांचा बुडालेला पगार खरा होता, गढूळ पाणी खरे होते, शिध्याची रांग खरी होती. पण सरकारचा कागद ज्या कसोटीला लावतो, तीच कसोटी आपल्या दयेला सोयीच्या आकड्यालाही लावली पाहिजे. नाही तर एक आकडा फसला की त्याच्याबरोबर खरे दुःखही लोकांना खोटे वाटू लागते.

इराकच्या अनुभवातून जग थोडे शहाणे झाले. सबंध देशाची नाकेबंदी करण्याऐवजी सत्ताधाऱ्यांची बँकखाती, प्रवास आणि शस्त्रे यांवर बंदी घालण्याकडे राष्ट्रसंघाचा कल झाला. 2022 च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेने अशा बंदीतूनही मानवी मदतीला वाट करून दिली. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. दहशतवादी संघटना या सवलतीचा गैरफायदा घेतील, अशी आपली शंका होती. तेव्हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

गुरुजनहो, वर्गात हा विषय निघाला तर मुलांना एवढेच विचारा: कर्त्याच्या अपराधापायी घराचे पाणी तोडावे काय? मुले पटकन 'नाही' म्हणतील. मग दुसरा प्रश्न विचारा: त्या घरात खरोखर काय घडते आहे, हे तुम्ही कसे शोधून काढाल? त्याचे उत्तर मात्र त्यांना सावकाश शोधू द्या.