फुटक्या बादलीचा खेळ

बुलढाणा विदर्भाच्या पश्चिम टोकाला. तरी पूर्वेकडील नागपूरचे एक उदाहरण आम्ही वऱ्हाडच्या श्रोत्यांपुढे ठेवतो. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली. दुसऱ्या कोणी त्यास उनाडपणा म्हटले असते. बारसे यांना त्यात फुटबॉल दिसला. २००१ साली त्यांनी ‘स्लम सॉकर’चा पाया घातला. चेंडू पायाशी आहे तोवर पोर वाईट वाटेपासून दूर असते, एवढी साधी जाण त्यामागे होती. याच मैदानावर घडलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओ येथे बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. २०१६ साली ‘फिफा’ने या कार्यास विविधता पुरस्कार दिला. शिक्षण चार भिंतींतच होते, असे मानणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस हा इतिहास एकच प्रश्न विचारतो : गावच्या अशा पोरांसाठी आपण मैदान राखले आहे काय?